भिंतीवरची जिवंत माणसं

गावाचा इतिहास गोळा करायला मी बाहेर पडले तेव्हा पहिली वस्तू मिळाली ती तोफेचा गोळा, आणि तोही लोणच्याच्या बरणीवरून. रेवदंड्याच्या किल्ल्यात असे गोळे पूर्वी येताजाता पायाला लागायचे म्हणे. आमच्या गावच्या बायकांनी त्यांना कामाला लावलं होतं. मीठ लावलेल्या कैऱ्या दाबून ठेवायला एवढं गोल, एवढं जड आणि एवढं फुकट वजन दुसरं कुठून मिळणार? घरच्या बाईने तो पदराने पुसून माझ्या हातात ठेवला आणि बजावलं, "न्यायचा तर न्या, पण पुढच्या कैऱ्या उतरल्या की परत द्या हो. मला दुसरा नाही."

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. मी लग्न होऊन पेणहून इथे आलेली, आणि गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. एकदा चौथीच्या वर्गात इतिहासाचा धडा चालू असताना एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "बाई, आपल्या गावात कधीच काही झालं नाही का?" प्रश्न ऐकून माझं डोकंच फिरलं. मुलीवर नाही रागावले. जिच्या घराची मागची भिंत किल्ल्याच्या तटाला टेकलेली आहे, जिचा बाप रोज तटाच्या दरवाजातून खाडीवर जातो, त्या मुलीला असं वाटावं याचा राग आला. त्या पुस्तकात दिल्ली होती, पुणं होतं, साता समुद्रापलीकडची विलायत होती. आम्ही नव्हतो.

शाळा सुटली तशी मी तडक वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेले. वाचनालयाच्या मागे एक खोली रिकामी होती. रिकामी म्हणजे तिच्यात मोडकी बाकं, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि भरपूर वाळवी होती. ती खोली मला हवी होती, गावच्या जुन्या वस्तू आणि फोटो ठेवायला. अध्यक्ष सज्जन गृहस्थ, पण बोलताना प्रत्येक शब्द तोलून मापून देणार. ते म्हणाले, "बाई, इतिहास म्हणजे राजे, लढाया, तह. तो ग्रंथांत आहे आणि ग्रंथ आपल्या कपाटात आहेत. शिवाय ती खोली सोसायटीने खताच्या पोत्यांसाठी मागितली आहे."

"म्हणजे गावाच्या इतिहासापेक्षा खत मोठं?" मी विचारलं. जिभेला हाड नव्हतंच माझ्या, आजही नाही.

ते हसले. मग त्यांनी अट घातली. दसऱ्यापर्यंत खोली माझी. दसऱ्याला मी प्रदर्शन भरवायचं. सगळं गाव आलं तर खोली कायमची माझ्या ताब्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशी खताची पोती आत. "सगळं गाव" या शब्दांवर त्यांनी जरा जोर दिला. तो जोर मला कळला. वाचनालयाची पायरी कोळीवाड्याने कधी चढलेली नव्हती. कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी बोलावलंही नव्हतं.

"कोळीवाडासुद्धा?" मी विचारलं.

"सगळं गाव म्हणजे सगळं गाव," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. आपण जिंकलोच अशी त्यांची खात्री झाली असावी.

मी कामाला लागले. वाळवी काढली, भिंतींना चुना दिला. वस्तू मिळायला फारसा त्रास पडला नाही, कारण आमच्या गावात जुनी वस्तू कुणी टाकत नसे, ती कशाला तरी वापरत. एका घरात जहाजावरचं पितळी होकायंत्र देवघरात पूजेला लावलेलं होतं. सुई कायम देवाकडे वळते म्हणून घरच्यांना फार कौतुक. देव उत्तरेच्या भिंतीला होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. आणि सगळ्यांत मोठं घबाड सापडलं ते खुद्द अध्यक्षांच्या परसात. त्यांच्या विहिरीजवळचा धुण्याचा दगड गडीमाणसं लावून उलटा केला, तर खालच्या अंगाला फिरंगी अक्षरं कोरलेली! पिढ्यान् पिढ्या त्या घरची धोतरं त्या शिलालेखाच्या पाठीवर आपटली गेली होती. अध्यक्षांनी स्वतः बादली ओढली आणि नारळाच्या काथ्याने ती अक्षरं घासायला बसले. त्या दिवसापासून ते माझ्याशी थोडे कमी तोलून बोलू लागले, पण अट काही मागे घेतली नाही.

माझ्या सासूबाईंना मात्र हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. "लोकांचं भंगार गोळा करत फिरते," असं त्या शेजारी सांगत, तेही मला ऐकू जाईल अशा बेताने.

खरी अडचण आली फोटोंची. फोटो गावात होते. पण आमच्याकडे फोटो भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावरच. मग त्याला हार, गंध, उदबत्ती. जिवंत माणसाचा फोटो असला तर तो ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली. ट्रंकेतून तो भिंतीवर केव्हा येणार हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. मी आपली दारोदार जाऊन सांगत होते, "तुमच्या आजोबांचा फोटो द्या, भिंतीवर लावायचाय." एका घरी सुनेने तोंडावर बोट ठेवलं. "अहो बाई, हळू बोला! आहेत ते अजून. आतच झोपलेत." आतून आजोबांनीच विचारलं, "कोण गं ते? कशाला आलेत?" मी पायांत चपला न घालताच तिथून निघाले, चपला हातात.

आणि गेलेल्या माणसांचे फोटो तरी कोण देणार? ते घराच्या भिंतीवरून काढले तर रोजचा हार कुठे घालायचा? सासूबाई स्वतः दररोज सकाळी सासऱ्यांच्या फोटोला हार घालत, आणि हार असा गुंफत की देवळातल्या गुरवाने शिकून घ्यावा. एक दिवस नुसतं विचारलं, "आई, मामंजींचा फोटो दसऱ्यापुरता नेऊ का?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी भाजी चिरायला घेतली.

शेवटी एका दुपारी मी कोळीवाड्यात गेले. तिथे फोटो असेल असं मला वाटलं नव्हतं, मी गेले होते आमंत्रण करायला. किनाऱ्यावर बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या राखणीला एक म्हातारी बसली होती. अंगाने काटक, नाकात मोठी नथ, आवाज खाडीच्या पलीकडे साळाव्याला ऐकू जाईल असा. तिचा नवरा एके काळी गलबताचा तांडेल होता, म्हणजे गलबत आणि त्यावरचे खलाशी त्याच्या हुकमात. आता गुडघे गेल्यामुळे तो घरीच बसून जाळी विणायचा. मी खोलीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कावळा हाकलला आणि म्हणाली, "आमचा फोटू हाय. बघतेस?"

तिने घरातून काढून आणलेला फोटो मी आजही डोळे मिटून बघू शकते. केवढा मोठा! काचेत मढवलेला, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. खाडीच्या काठावर नवंकोरं गलबत. ते पाण्यात लोटायला सगळं गाव दोर धरून वाकलेलं. गलबताच्या नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, हातात नारळ उंच धरून काळ्याभोर मिशांचा एक तरुण उभा. त्याच्या खाली कुंकवाचं ताट घेतलेली एक नवी नवरी, भुवया आक्रसलेली.

"ऊन हुतं डोल्यांत," म्हातारी म्हणाली. "लगीन होऊन म्हयना झालता. गलबताच्या शेटनं मुंबईशी फोटूवाला आनलेला."

गावात कधीच काही झालं नाही का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मांडीवर होतं. मी तिच्यापुढे हात जोडले. तिने पदराने फोटोची काच पुसली. मग म्हणाली, "देते. पन टेबलावर ठेवायचा. भितीवर न्हाय. आन हार न्हाय घालायचा. माजा दादला जिता हाय. मी सवाशीन हाय. कललं?"

"कळलं मावशी. शब्द देते."

"मंग आमी येऊ. सगला कोलीवारा घेऊन येऊ."

त्या दिवशी मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. आनंदाने उडत आले एवढं खरं.

दसऱ्याच्या सकाळी खोली तयार होती. गोळा, होकायंत्र, शिलालेख, जुने दिवे, मापं, आणि मधल्या टेबलावर पांढऱ्या कापडावर गलबताचा तो फोटो. पहाटेपासून राबून माझ्या लुगड्याचं पोतेरं झालं होतं, म्हणून कपडे बदलायला घरी आले. घरात सासूबाई नव्हत्या. आज सण, गेल्या असतील देवळात, असं समजून मी सावकाश वेणीफणी केली.

परत आले आणि दारातच थिजले.

दसऱ्याला आपल्याकडे काय करतात हे कुणाला सांगायला नको. हत्यारांना हार, पुस्तकांना हार, शिवणयंत्राला हार. त्या सकाळी अलिबागची एसटीसुद्धा झेंडूचं तोरण बांधून आली होती. सासूबाईंनी आळीतल्या चार बायका आणि टोपलीभर झेंडू आणून माझ्या खोलीत दसरा साजरा केला होता. तोफेच्या गोळ्याला हार. होकायंत्राला हार. शिलालेखाला हळदकुंकू. आणि गलबताचा फोटो? "बिचारा टेबलावर पडला होता, तुला खिळा मिळाला नसेल," असं म्हणत त्यांनी बत्त्याने भिंतीत खिळा ठोकला होता, फोटो मधोमध टांगला होता, आणि आपल्या हाताने गुंफलेला सगळ्यांत लांब, सगळ्यांत सुंदर हार त्याला घातला होता. खाली उदबत्तीही लावली होती.

"बघ, आता कशी कळा आली!" सासूबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या माझ्या कामात आपणहून आल्या होत्या, आणि मला रडावं की त्यांना मिठी मारावी कळेना.

"आई, ती माणसं जिवंत आहेत हो!"

"इश्श! भिंतीवर काय करतायत मग?"

"भिंतीवर तुम्ही लावलीत!"

मी धावले, पण उशीर झाला होता. बाहेर एकदम गलका झाला. कोळीवाडा आला होता. बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, अंबाड्यात फुलं, पुरुष डोक्याला लाल टोप्या घालून, आणि पुढे ती म्हातारी. वाचनालयाच्या पायरीशी ती क्षणभर थांबली, खाली बघितलं आणि चढली. तिच्यामागे सगळे. अध्यक्ष पुढे होऊन "या, या" म्हणाले, आणि म्हातारी खोलीत शिरली, आणि तिने भिंतीकडे बघितलं.

मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी पुटपुटलं, "आता गो बाय!" उदबत्ती निवांत जळत होती. आता ही वळणार, फोटो काढून घेणार, कोळीवाडा आल्या पावली परत जाणार, आणि उद्या इथे खताची पोती. मी हार काढायला हात वर केला तर तिने माझं मनगट धरलं.

"थांब. कोनी घातला?"

मी तोंड उघडणार तोच सासूबाई पुढे आल्या. "मी घातला. हिचा काही दोष नाही. हिला ठाऊकही नव्हतं. भिंतीवरचा माणूस जिवंत असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही हो." त्यांनी हात जोडले. "माझं चुकलं. मी तुमच्या पाया पडते." आणि त्या खरोखरच वाकू लागल्या.

म्हातारीने त्यांना खांद्याला धरून उभं केलं. दोघी साधारण एका वयाच्या. मग ती परत फोटोकडे वळली. झेंडूच्या हारात काळ्या मिशांचा तो तरुण नारळ उगारून उभा होता. बघता बघता म्हातारीचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"मेला सकाली माज्याशी भांडला," ती म्हणाली. "चाय थंड दिली म्हनून. येनार न्हाय म्हनला, मेल्यांच्या फोटूत मी कशाला येऊ. आन बग, ह्यो तर माज्या आदी येऊन हार घालून बसलाय!"

कोळीवाडा असा हसला की खिडकीची काच वाजली. म्हातारीने हात उंचावून हार काढला, दोन्ही हातांवर तोलला, त्याची गुंफण निरखून बघितली. "हार झ्याक हाय. वाया कशाला घालवायचा?" मग दोन तरण्या पोरांकडे वळून तिने हुकूम सोडला, "जा रं, त्याला उचलून आना. म्हनावं, तुजा हार हितं लटकलाय, येऊन गल्यात घालून घे!"

पोरं धावत सुटली. तांडेलाला त्यांनी लाकडी खुर्चीसकट खांद्यावरून आणला. पांढऱ्या मिशा, हातात जाळं विणायची सुई तशीच, आणि तोंडाने सगळ्यांचा उद्धार चाललेला. खोलीत खुर्ची टेकली. म्हातारीने सगळ्या गावादेखत त्याच्या गळ्यात हार घातला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळे वाजवू लागले, अध्यक्षसुद्धा. दुसऱ्यांदा लग्न लागत असल्यासारखा तांडेल लाजला.

मी फोटो भिंतीवरून काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने आधी गलबत ओळखलं, मग बायकोला, आणि स्वतःला सगळ्यांत शेवटी. "ह्यो कोन टिकोजी?" त्याने विचारलं, आणि कळल्यावर मिशीवरून हात फिरवला.

मग तो दोर ओढणाऱ्यांकडे वळला. मी किती दिवस भिंग लावून ती माणसं बघितली होती आणि हात टेकले होते, कारण त्यांची तोंडं दिसतच नव्हती. सगळे कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकलेले. पण तांडेलाने त्या पाठींवर बोट ठेवलं आणि माणसं ओळखायला सुरुवात केली. "ह्यो वाकडा खांदा, ह्यो माल्याचा. ही वाकडी मान, ताडावरून पडला त्या भंडाऱ्याची. ह्यो आमचा मुसलमान सुकान्या, कमरंला लाल फडका बांधायचा. ही रुंद पाठ, कासाराची, दोन मानसांचं ओढायचा."

"कासाराची? म्हणजे माझा आजा?" मागून कुणीतरी ओरडलं आणि माणसांना बाजूला सारत पुढे आलं.

"तुजाच. तुजी पन पाठ तशीच हाय. फिर जरा."

तो तरुण कासार सगळ्यांसमोर पाठ करून उभा राहिला आणि खोलीत एकच हशा पिकला. त्यानंतर गर्दी आवरेना. ज्याला त्याला आपल्या आजाची पाठ हवी होती. माळी, भंडारी, मुसलमान मोहल्ल्यातले, वरच्या आळीतले, कोळी, सगळे त्या एका खुर्चीभोवती दाटले होते. कुणाला स्पर्श झाला, कुणाला धक्का लागला, याचं कुणाला भान नव्हतं. मी अध्यक्षांना शोधत होते. ते गुडघे टेकून त्या फोटोशी बसले होते आणि तांडेलाला विचारत होते, "आणि हा? हा कोण हो?"

दुपारपासून माणसं घरी जाऊन ट्रंका उघडू लागली. ज्या घरातून मी चपला हातात घेऊन पळाले होते, तिथले आजोबा स्वतःच्या पायांनी आले, स्वतःचा फोटो काखेत मारून. "मला मधे लावा," म्हणाले, "आणि हार मला घाला, फोटोला नको." भिंत भरली, आणि म्हातारीने आपणहून गलबताचा फोटोही परत त्याच खिळ्याला अडकवला. संध्याकाळी आपट्याचं सोनं द्यायला अध्यक्ष आले तेव्हा पानाबरोबर त्यांनी खोलीची किल्लीही माझ्या हातावर ठेवली. "सोसायटीला सांगितलंय," ते म्हणाले, "खताला दुसरी जागा बघा." मला इतका आनंद झाला होता की मी किल्ली तिथल्या तिथे पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

रात्रीचं जेवण झाल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी काय म्हणते," शेवटी त्या म्हणाल्या, "माझा कधी फोटोच काढलेला नाही."

"काढू की आई. अलिबागहून फोटोवाला बोलावू."

"ह्यांच्या शेजारी नको हो लावू. तिथे तुम्ही नंतर लावालच. तुझ्या खोलीत लाव. नंतर हार घालायला सगळेच येतील, पण मी कशी दिसते ते मला कुठे दिसणार?"

फोटोवाला पुढच्या आठवड्यात आला. सासूबाई परसात खुर्चीवर बसल्या, हात मांडीवर, मान ताठ, श्वास रोखून. फोटो मढवून आला तेव्हा मी तो वाचनालयात तांडेलाच्या गलबताशेजारी लावला आणि त्यांना बघायला घेऊन गेले. खोलीत आम्ही दोघीच होतो. त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, जवळ गेल्या, मागे आल्या, मान तिरकी करून बघितलं. मग माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "बरी दिसते की गं मी."